माळ्यावरची टाकी आणि अंगणातली विहीर

आमच्या घरी दसऱ्यास उंबऱ्यावर तोरण लागते, खंडेनवमीस माझ्या वकिलीच्या पुस्तकांनाही झेंडूचे फूल मिळते, आणि चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतली तरी दिवाळीत तिच्यापुढे रांगोळीची दोन बोटे उमटतातच. परंतु ज्या वस्तूवर साऱ्या घराचे स्नान, स्वयंपाक आणि देवपूजा अवलंबून आहे, त्या माळ्यावरच्या टाकीकडे वर्षानुवर्षे कोणी मान वर करून पाहत नाही. ती गळू लागली, किंवा नळातून गढूळ पाणी येऊ लागले, म्हणजेच तिची आठवण होते. तोवर ती अंधारात, कौलांखाली, कोळ्यांच्या जाळ्यांत आपले काम मुकाट्याने करीत असते.

इंदुरातील रामबागेतल्या आमच्या घरात ही टाकी आजोबांनी बसविली. नर्मदेचे पाणी शहरात येऊन एकदोन वर्षे लोटली होती. माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे टाकीवाचूनचे घर मी पाहिलेले नाही. ज्या आठवड्यात टाकी माळ्यावर चढली, त्याच आठवड्यात अंगणातल्या विहिरीवर सिमेंटची लादी पडली. मुले आत पडू नयेत हा हेतू, आणि अंगण मोठे झाले हा लाभ. आजीचे माहेर फोंड्याकडचे. ती विहिरीस शेवटपर्यंत 'बांय' म्हणत असे. लादी घातली त्या दिवशी ती जेवली नाही, असे वडील सांगत. आम्ही ते म्हाताऱ्या माणसाचे हळवेपण समजत होतो. ते केवळ हळवेपण नव्हते, हे कळावयास मला चाळिशी गाठावी लागली. त्याची हकीकत शेवटी सांगेन. आधी या टाकीचा आणि विहिरीचा पूर्वेतिहास पाहू.

इंदूर हे पाण्याच्या आधारानेच वसलेले गाव आहे. कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी जुनी वस्ती वाढली. इंद्रेश्वराच्या देवळावरून गावास नाव पडले असे परंपरा सांगते. माळव्याविषयी तर पावलोपावली पाणी असलेला प्रदेश अशीच ख्याती होती. काळ्या मातीखाली काळा खडक, खडकाच्या भेगांत साठलेले पावसाचे पाणी, आणि ते पाणी हाती लागेल इतक्या खोलीवर खणलेली विहीर, हीच येथील पाणीपुरवठ्याची जुनी व्यवस्था. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी महेश्वरातून राज्य केले आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, बारवा व धर्मशाळा बांधविल्या. त्यांची देवळे आपण आवर्जून पाहतो. त्यांच्या बारवा मात्र पाहावयाच्या यादीत नसतात. वस्तुतः यात्रेकरूस देवाचे दर्शन होण्यापूर्वी पाणी मिळावे, हा क्रम त्या माउलीने कधीच चुकविला नव्हता.

आपल्या धर्मशास्त्रात या कामास 'पूर्त' असे नाव आहे. यज्ञ हे इष्ट. विहीर, तळे, बाग, अन्नछत्र हे पूर्त. सतराव्या शतकात काशीस राहिलेल्या नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' आम्हा वकिलांस वारसाहक्काच्या खटल्यांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथमालेत त्यांचा 'उत्सर्गमयूख' आहे, आणि त्याचा विषय तलाव, विहिरी इत्यादिकांचा लोकांकरिता उत्सर्ग, म्हणजे त्यांवरील आपले स्वामित्व सोडून ते सर्वांस अर्पण करणे, हा आहे. येथे कायद्याच्या अभ्यासकास एक मार्मिक गोष्ट दिसते. उत्सर्गानंतर बांधणाऱ्याचा मालकी हक्क संपतो, परंतु जीर्णोद्धाराचे कर्तव्य कोणासाठीच संपत नाही. पडक्या विहिरीची डागडुजी करणाऱ्यास नवी खणणाऱ्याइतकाच मान आपल्या परंपरेने दिला आहे. पाण्याची जागा बांधून मोकळे होता येत नाही. तिला पिढ्यान्‌पिढ्या राखावे लागते, हे त्यामागचे साधे शहाणपण होय.

हे शहाणपण केवळ ग्रंथांत राहिले नव्हते. पुण्यात १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. गाळ तेथे खाली बसे, हवा बाहेर पडे आणि माणसास आत डोकावता येई. पुढे पेठापेठांतून हौद भरत गेले. आमच्या इंदुरापासून फार लांब नसलेल्या बऱ्हाणपुरास १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, कुंडी भंडारा नावाची योजना झाली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहराकडे आणले आणि त्या बोगद्यावर शंभराहून अधिक कुंड्या उभारल्या. पेशव्यांचा उच्छ्वास आणि मोगलांची कुंडी यांचे प्रयोजन एकच होते. पाणी झाकलेले असावे, पण नजरेआड नसावे. गोव्यातील आपल्या देवस्थानांच्या तळ्या पाहिल्या तरी हेच दिसते. मंगेशीच्या तळीस पायऱ्या आहेत, काठ आहे, आणि देवळात पाऊल टाकणाऱ्याची दृष्टी तिच्यावर पडल्यावाचून राहत नाही. रोज शेकडो डोळे ज्या पाण्यावर असतात, ते पाणी बिघडले तर लपून राहत नाही.

१८१८च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरास होळकरांच्या राजधानीचा मान मिळाला. गाव वाढले, गिरण्या निघाल्या, वस्त्या दाटल्या, आणि विहिरींच्या शेजारी गटारे व शौचकूप आले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने शहरास वारंवार ग्रासले. अशा वेळी तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास पाचारण केले. मूळचा हा जीवशास्त्रज्ञ. पण नगररचनेत त्याचे नाव जगभर झाले आहे. त्याने इंदुरातील गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या. १९१७च्या दिवाळीत त्याने एक मिरवणूक काढविली. ज्या रस्त्यांवरील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत स्वच्छ ठेवतील, त्या रस्त्यांवरून ती नेण्यात येईल असे जाहीर झाले, आणि शहर आपण होऊन झाडूनपुसून निघाले. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हार घालून मानाने चालणारे सफाई कामगारही होते. शेवटी त्या राक्षसाचे दहन झाले. उपदेश करण्यापेक्षा उत्सव करावा, ही आपल्या समाजाची नाडी त्या परक्या माणसाने अचूक ओळखली होती.

१९१८ साली त्याचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील विहिरींविषयीचे विवेचन आज वाचताना मन थबकते. त्या काळी सुधारणेचा रूढ मार्ग असा होता की, नळ आला की विहिरी बुजवाव्यात. त्या रोगाचे घर होत. गेडिसने याच्या उलट मत दिले. कोणतीही नळयोजना कधी ना कधी बिघडतेच; अशा प्रसंगी जुन्या विहिरी हा पूर्वजांनी आपल्याकरिता उतरवून ठेवलेला एक प्रकारचा आयुर्विमाच आहे, आणि तो टाकून देण्याइतका स्वस्त नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. विहिरी उपसाव्यात, दुरुस्त कराव्यात, त्यांवर देखरेख ठेवावी, असे त्याचे सांगणे होते. डासांच्या भयाने पाणवठे बुजविण्यापेक्षा त्यांत मासे सोडावेत, अशा विचाराचा तो मनुष्य होता. विम्याची उपमा वकिलास विशेष पटते. हप्ता थकला की पॉलिसी रद्द होते. विहिरीचा हप्ता म्हणजे तिचा दरसालचा उपसा.

पुढे दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या काळात, १९३०च्या दशकात, गंभीर नदीवर धरण बांधून यशवंतसागर निर्माण झाला. बिलावलीसारखे जुने तलाव जोडीस होते. परंतु स्वातंत्र्यानंतर शहर इतक्या झपाट्याने फुगले की हे सारे अपुरे पडू लागले. १९७०च्या पावसाळ्यात इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी जे आंदोलन झाले, ते येथील जुन्या माणसांच्या स्मरणात एखाद्या स्वातंत्र्यलढ्यासारखे कोरलेले आहे. विद्यार्थी, कामगार, व्यापारी, गृहिणी, निरनिराळ्या पक्षांचे लोक सारे एकत्र आले. मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारला अखेर ती मागणी मान्य करावी लागली, आणि १९७८ साली नर्मदा इंदुरात आली. अहिल्याबाईंच्या महेश्वरावरून वाहणारी नदी त्यांच्या घराण्याच्या पुढील राजधानीस अशा रीतीने येऊन मिळाली.

ही योजना कशी चालते हे प्रत्येक इंदूरकराने एकदा तरी समजून घ्यावे. मंडलेश्वराजवळ जलूद येथे पाणी उचलले जाते. तेथून इंदूर सुमारे ७० किलोमीटर, आणि नदीच्या पात्रापेक्षा ४०० मीटर उंचावर. पाणी आपण होऊन चढत नाही. पंपांनी टप्प्याटप्प्याने ते विंध्याच्या माथ्यावर वांचू पॉइंटपर्यंत चढवावे लागते. तेथून पुढे मात्र ते स्वतःच्या भाराने शहराकडे उतरते. म्हणजे आपल्या माळ्यावरच्या टाकीची जी रीत, तीच या विराट योजनेची रीत होय. आधी श्रमाने पाणी उंच न्यावयाचे आणि मग पृथ्वीच्या ओढीवर सोपवावयाचे. आपल्या मोरीतल्या नळाची धार ही खरे पाहता विंध्य पर्वत ओलांडून आलेली धार आहे, हे लक्षात आले तर नळ उघडा टाकून दात घासणाऱ्यास थोडी तरी लाज वाटेल.

इतक्या दुरून, इतक्या खर्चाने आणलेले पाणी चोवीस तास मिळणे शक्य नव्हते. अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड आणि तेही ठरलेल्या वेळी येऊ लागले. म्हणून घरोघरी टाक्या आल्या. पूर्वी पाणी जमिनीत साठे आणि लागेल तेव्हा पोहऱ्याने वर येई; आता ते घराच्या डोक्यावर साठू लागले. आणि ज्या घरात टाकी चढली, त्या घरातली विहीर निरुपयोगी ठरली. कोणी ती बुजविली, कोणी तिच्यात केरकचरा टाकला, आणि बहुतेकांनी तिच्यावर लादी घालून वर बांधकाम केले. मागे राहिलेली विहीर दिसेनाशी झाली. परंतु दिसेनाशी होणे म्हणजे नाहीशी होणे नव्हे.

येथे थोडा कायदा सांगतो. साठविलेल्या पाण्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नावर इंग्लंडात १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा प्रसिद्ध निवाडा झाला. एका गिरणीमालकाने बांधविलेल्या जलाशयाचे पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून साठवितो, तो तिच्या परिणामास स्वतः जबाबदार, असा नियम त्यातून निघाला. सहा वर्षांनी हाच मुद्दा आपल्या देशातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मद्रास इलाख्यातील कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने भरपाई मागितली. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने ती नाकारली. कारण असे दिले की, हे तलाव प्राचीन असून देशातील असंख्य लोकांच्या जीवनास आवश्यक आहेत. त्यांची राखण व दुरुस्ती करणे हे जमीनदाराचे परंपरागत कर्तव्य आहे. आणि त्या कर्तव्यात त्याची हयगय सिद्ध झालेली नाही. पुढे १९१३ साली वरच्या मजल्यावरचे पाणी खालच्या मजल्यात उतरल्याच्या एका खटल्यातही, घरात नळाचे पाणी असणे ही आता सर्वसामान्य गोष्ट आहे, तेव्हा हयगय असल्याशिवाय दोष नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले.

या तिन्ही निवाड्यांचे सार मला असे दिसते. पाणी साठविणे हा अपराध नाही. किंबहुना आपल्या देशात ते पुण्यकर्म व कर्तव्य आहे. दोष येतो तो हयगयीमुळे. आणि हयगयीचे मूळ बहुधा दुष्टपणात नसून विस्मरणात असते.

३० मार्च २०२३ रोजी रामनवमी होती. इंदुरातील पटेलनगरच्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू होते. ज्या जमिनीवर भक्त बसले होते, तिच्याखाली एक जुनी बारव होती आणि तिच्यावर लादी घातलेली होती. भर हवनाच्या वेळी ती लादी कोसळली. माणसे बारवेत पडली. वर आलेल्या अनेकांच्या मागे घरची माणसे खालीच राहिली. रात्रभर शोधकार्य चालले, सैन्याचे जवान आले. ३६ जणांचे प्राण गेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. देवासमोर हात जोडून बसलेली माणसे, पूर्वजांनी तहानलेल्यांसाठी खणलेल्या पाण्यात बुडून मेली. काही दिवसांतच तेथील बांधकाम पाडण्यात आले आणि बारवही बुजविण्यात आली.

या दुर्घटनेविषयी चौकशा झाल्या, खटले भरले गेले. त्यांविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. मला वाचकांपुढे वेगळाच प्रश्न ठेवावयाचा आहे, आणि तो प्रथम मी स्वतःलाच विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र हाती घेऊन मी आमच्या अंगणात उभा होतो. कोठे उभा होतो? आजोबांनी घातलेल्या लादीवर. त्याच लादीवर दर श्रावणात आमचा सत्यनारायण होतो. चाळीस-पन्नास पाने तेथेच मांडली जातात. माझ्या मुलीचे पाचव्या वाढदिवसाचे छायाचित्र तेथलेच आहे. मागे वीसएक मुले उड्या मारीत आहेत. लोकांच्या हयगयीवर न्यायालयात तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्यासारख्या वकिलास आपल्या पायाखाली काय आहे, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारावेसे वाटले नव्हते.

त्याच आठवड्यात एका स्थापत्यविशारद स्नेह्यास बोलाविले. त्याने लादीचा एक कोपरा फोडविला. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या, आणि लादीच्या खालच्या अंगाचे सिमेंट पापुद्र्यांसारखे सुटून पाण्यात पडले होते. खाली सतत दमट हवा, वर ऊन. सळईस गंज चढावयास याहून सोयीची जागा नाही. तो एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, यंदाचा सत्यनारायण इथे करू नका." मी त्यास चहा विचारावयाचेही विसरलो.

मग ओघानेच माळ्यावर चढलो. विहिरीचा विसर पडला होता, तसा टाकीचाही पडला असणार, अशी शंका आली. आणि ती खरी ठरली. टाकीचे झाकण एका बाजूने सरकलेले होते, तळाशी चार बोटे गाळ होता, आणि बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड त्या गाळाला टेकले होते. हेच पाणी आम्ही गाळून, उकळून, देवाच्या अभिषेकास वापरीत होतो. त्यानंतर जे शिकलो, ते गृहस्थांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे थोडक्यात नमूद करतो.

पहिली गोष्ट वजनाची. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. ५०० लिटरची टाकी भरली म्हणजे माळ्यावर पाच क्विंटलांचा भार कायमचा बसला. तो फळ्यांवर न टाकता भिंतींपासून भिंतींपर्यंत जाणाऱ्या तुळयांवर यावा, आणि तुळयांच्या टोकांस वाळवी किंवा ओल नाही ना, हे वर्षातून एकदा ठोकून पाहावे. दुसरी गोष्ट झाकणाची. ते घट्ट असावे, आणि हवेच्या व ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीस बारीक जाळी असावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठदहा दिवसांत त्यांचे डास होतात. ओसंडणारे पाणी घराबाहेर दिसेल असे सोडावे. ते भिंतीत मुरू देऊ नये. बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड तळापासून चार बोटे वर असावे, आणि अगदी तळाशी गाळ काढण्याची निराळी तोटी असावी.

तिसरी गोष्ट सफाईची. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, टाकी रिकामी करून घासावी. मग ती पुन्हा भरून, १००० लिटर पाण्यास २०० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर वेगळ्या बादलीत कालवून तिची वरची निवळ त्यात ओतावी, नळांतूनही ते पाणी थोडे काढावे, आणि एक रात्र तसेच ठेवून सारे सोडून द्यावे. ते पाणी पिण्याचे नव्हे. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन टाकी वापरास घ्यावी.

चौथी गोष्ट उष्णतेची. थंड देशांत माळ्यावरची टाकी गोठू नये म्हणून तिला वेष्टन करतात. पाणी गोठताना सुमारे एक-अकरांश फुगते आणि लोखंडी नळही फोडते. तेथे टाकीच्या बाजू व झाकण झाकतात, परंतु तळ उघडा ठेवतात, कारण खोलीतली ऊब खालून तिला मिळावी. आपल्या माळव्यात शत्रू निराळा आहे. वैशाखात पारा चाळिसांवर जातो, कौले तापतात, आणि दुपारी नळास हात लावला तर चटका बसतो. म्हणून आपले वेष्टन मुख्यतः वरून व पश्चिमेकडून हवे. आम्ही टाकीभोवती लाकडी चौकट करून मधल्या जागेत कोरडा भुसा भरला, झाकणावर गोणपाटाची जाड घडी घातली, वरच्या कौलांस चुन्याचा पांढरा हात दिला, आणि उघड्या नळांना काथ्याची दोरी गुंडाळली. भुसा ओला होऊ देऊ नये, नाहीतर त्यात किडे होतात. यात नवे काही नाही. आजी रांजणाभोवती ओले फडके गुंडाळीत असे; तत्त्व निराळे, पण हेतू तोच.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती घराबाहेरची आहे. नळास पाणी ठराविक वेळीच येते, तेव्हा उरलेल्या वेळी रस्त्याखालचा नळ रिता असतो. रित्या नळात शोष उत्पन्न होतो. त्यास कोठे तडा असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ती घाण आत ओढली जाते आणि पुढच्या वेळी आपल्या टाकीत येते. म्हणून नळ जेथे गटार ओलांडतो, ती जागा प्रत्येक गृहस्थाने आपल्या डोळ्यांनी पाहावी, जुना गंजलेला तुकडा बदलून घ्यावा, आणि पाण्यास रंग किंवा वास आला तर टाकीत न घेता प्रथम तक्रार करावी. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ पाण्याचा उपभोग हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. हक्क आपला आहे, तो मागावा. पण टाकीचे झाकण लावण्यास न्यायालय येणार नाही.

आता विहिरीचे सांगतो. ज्येष्ठात आम्ही ती लादी काढविली. कोणासही आत उतरू दिले नाही, कारण वर्षानुवर्षे बंद असलेल्या विहिरीत दूषित वायू साठतो आणि उतरणाऱ्याचा जीव घेतो. काही दिवस तोंड उघडे ठेवले, पंपाने उपसा केला, गाळ यंत्राने वर काढला. गाळात एक पितळी पोहरा निघाला. भोवती कमरेइतका कठडा बांधला, वर लोखंडी जाळी बसविली, आणि छपरावरचे पावसाचे पाणी गाळणीतून आत सोडले. पाणी तपासून घेतले. ते पिण्यास योग्य नाही, असे उत्तर आले. म्हणून ते झाडांस व धुण्याभांड्यांस वापरतो. एवढ्यानेही नर्मदेच्या पाण्याचा मोठा वाटा वाचतो.

अंगण पुन्हा लहान झाले. श्रावणात पाने दोन पंक्तींत घ्यावी लागली. त्यावरून थोडी कुरकुरही झाली. पूजा आटोपल्यावर आईने ताम्हनातले हळदकुंकू घेतले आणि कठड्यापाशी जाऊन विहिरीस वाहिले. आमच्या घरात एके काळी बाळंतीण सव्वा महिन्याने प्रथम पाण्यास जाई, तेव्हा हेच करीत, हे मला तेव्हा समजले. मुलीने विचारले, "आजी, विहिरीत देव आहे का?" आई म्हणाली, "पाणी आहे, बाळ. वर्षातून एकदा तरी बघून जावं म्हणून हे हळदकुंकू."

आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांस, वाड्यांच्या मालकांस आणि सोसायट्यांच्या कार्यवाहांस माझी एवढीच विनंती आहे. येत्या उत्सवापूर्वी मंडपाची जागा आखताना, त्या जागेखाली पूर्वी काय होते, हे घरातल्या वा गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसास विचारावे. विहीर असेल तर तिच्यावर माणसे बसवू नयेत. ती बुजवूही नये. तिला कठडा घालावा आणि उपसावी. आणि मग एक शिडी घेऊन माळ्यावर जावे, टाकीचे झाकण उचलून आत दिवा धरावा. आमच्या घरी आता ही दोन्ही कामे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी होतात. मुलगी दिवा धरते, मी झाकण उचलतो. यंदा तळ स्पष्ट दिसला.